‘तू कुठे एवढी जाड आहेस?’ : बीएमआय ३०.९ आणि बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशनचा निर्णय

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना होणारी पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

पनवेलहून बोलतेय. बाहेर रिक्षांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, खिडकी बंद करूनही ते आत येतातच.

पीसीओडीच्या एपिसोडनंतर तुमचे बरेच मेसेज आले. त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येत होता. ‘माझं वजन जास्त आहे, पण अगदी तेवढं नाही. शुगर मात्र ऐकत नाही. माझ्यासारख्यांना ते वजनाचं ऑपरेशन करता येतं का? आणि येत असेल, तर करावं का?’

हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्याही घरात आहे, म्हणून आज त्यावरच बोलूया. माझे आकडे आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्यांच्यावर ताडून बघता येईल. वय ३१. उंची १६० सेंटिमीटर. वजन ७९ किलो. बीएमआय ३०.९. टाइप टू डायबेटिस चार वर्षांपासून, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी निदान झालं. गेल्या वर्षापासून बीपीची गोळी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती टेस्ट, एचबीएवनसी, तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही ८.८.

माझ्याकडे बघून कुणी ‘लठ्ठ’ म्हणणार नाही. लग्नाच्या हॉलमध्ये माझ्यासारख्या पन्नास बायका दिसतील. ऑपरेशनचा विषय काढला की प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच असतं, ‘अगं, तू कुठे एवढी जाड आहेस?’

बीएमआय नावाचा आकडा

आधी या आकड्याकडे बघू. बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र काढलं अ‍ॅडॉल्फ केटेले या बेल्जियन माणसाने, एकोणिसाव्या शतकात. तो डॉक्टर नव्हता, गणिती आणि संख्याशास्त्रज्ञ होता. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं. तुमच्या पोटात चरबी किती, यकृतावर किती, हे या सूत्राला कळत नाही.

आता पुण्याची गोष्ट. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला. त्यात दोघांचा स्वतःचाच फोटो होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आकडा एकच, पण चरबी दुपटीहून जास्त.

याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातून दिसलं की आपल्याकडची बाळं जन्मतःच वजनाने लहान असतात, पण त्या लहान अंगातही स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त असतो. बारीक दिसणारं, पण आतून चरबी धरून असलेलं शरीर. तुमच्या ऑफिसमधला तो हडकुळा मुलगा आठवा, ज्याला तिसाव्या वर्षी फॅटी लिव्हर निघालं. तोच हा प्रकार.

म्हणून आपल्यासाठी रेषा वेगळ्या आहेत. युरोप-अमेरिकेत ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये जे एकमताचं निवेदन काढलं त्यात २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला आहे. कमरेचा घेरही मोजायला सांगितला आहे. बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०, त्यापुढे धोका. टेप घ्या, बेंबीच्या आसपास मोजा, श्वास आत ओढू नका. हे घरी, फुकटात होतं.

ऑपरेशनची रेषा कुठे आहे?

१९९१ मध्ये अमेरिकेत एक निकष ठरला. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल तर ऑपरेशन. तीस वर्षं जगभर हाच आकडा चालला. बॅरिअ‍ॅट्रिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फार मोठ्या वजनाचा पेशंट येतो, त्याचं एक कारण हा निकष. दुसरं कारण बातम्या. २०१७ मध्ये इजिप्तहून सुमारे पाचशे किलो वजनाच्या बाईंना विमानाने मुंबईला आणलं होतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

मग चित्र बदलत गेलं. २०१६ मध्ये डायबेटिसच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं की औषधांनी साखर ताब्यात येत नसेल तर ३० ते ३५ बीएमआयच्या पेशंटमध्येही ऑपरेशनचा विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठी प्रत्येक रेषा अडीचने खाली आणावी. म्हणजे २७.५. २०२२ मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि जागतिक संघटनांनी १९९१ चा जुना निकष मोडीत काढला आणि आशियाई लोकांसाठी २७.५ हाच आकडा मांडला. आपल्याकडच्या सर्जनांची संघटना ३० च्या वर बीएमआय आणि सोबत दोन आजार असतील तर ऑपरेशनचा विचार करते. २७.५ च्या वर ते करते तेव्हा फक्त बेताबाहेर गेलेल्या डायबेटिससाठी, आणि तेही बाकीचे उपाय झाल्यावरचा पर्याय म्हणून.

माझा बीएमआय ३०.९, डायबेटिस आहे, बीपी आहे. म्हणजे मी बसते. पण बसणं आणि करणं यात फरक आहे. सिनेमाचं तिकीट परवडतं म्हणून आपण प्रत्येक सिनेमा बघत नाही.

विमा कंपनीचं गणित

इथे एक गंमत ऐका. हसू येईल, मग राग येईल.

भारतात आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कुठल्या गोष्टी वगळायच्या याची ठरावीक भाषा आहे, विमा नियामकाने ठरवून दिलेली. तुमच्या पॉलिसीत ‘लठ्ठपणा, वजन नियंत्रण’ असं कलम असेल, तर ते वाचा. त्यात लिहिलेलं असतं की वजनाच्या ऑपरेशनचा खर्च मिळणार नाही, अपवाद एवढेच. डॉक्टरचा सल्ला हवा, वय १८ पूर्ण हवं, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. नाहीतर ३५ च्या वर बीएमआय आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा अनियंत्रित डायबेटिस असा आजार, तोही साधे उपाय फसल्यानंतर.

म्हणजे डॉक्टरांची रेषा सरकली, विम्याची रेषा तिथेच राहिली. माझ्या उंचीला बीएमआय ३५ म्हणजे जवळपास ९० किलो. ऑपरेशनचे पैसे मिळावेत म्हणून मला आधी अकरा किलो वजन वाढवावं लागेल! आमच्या नात्यातल्या एका दादाने हे गंभीरपणे सुचवलंही. ‘सहा महिने खा मस्त, मग क्लेम टाक.’ मी त्याला विचारलं, त्या सहा महिन्यांत माझ्या किडनीचं काय? तो गप्प झाला.

मला मिळालेलं कोटेशन साडेतीन लाखांचं आहे. खिशातून. ऐरोलीत शिफ्ट करणाऱ्या मुलीसाठी हा छोटा आकडा नाही. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत ते.

तरी हा विषय घरात आलाच का?

कारण माझी आई. आईला डायबेटिस चौतिसाव्या वर्षी झाला. छप्पन्नाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी बाबा तिला रिक्षाने घेऊन जातात, दुपारी ती परत येते आणि झोपते. बाकीचे चार दिवस पाणी मोजून प्यायचं. तिला झाला त्यापेक्षा सात वर्षं आधी तो मला झाला आहे. तरुण वयात सुरू होणारा डायबेटिस जास्त आक्रमक असतो, हे डॉक्टर सांगतात आणि मी घरात बघतेय.

आणि दुसरी गोष्ट, आम्हाला मूल हवंय. डायबेटिस असताना दिवस राहायच्या आधी एचबीएवनसी साडेसहाच्या खाली असावा असं सांगतात, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांत बनतात आणि तेव्हा आईची साखर जास्त असेल तर व्यंगाचा धोका वाढतो. मी ८.८ वर आहे. म्हणजे माझ्यासाठी हे कपड्यांच्या साइजचं काम नाही.

हे मुद्दाम सांगतेय. तुमचा बीएमआय २८-२९ असेल, शुगर-बीपी काही नसेल, आणि लग्नाच्या फोटोसाठी ऑपरेशन डोक्यात असेल, तर प्लीज थांबा. हे सौंदर्याचं ऑपरेशन नाही. लायपोसक्शन वेगळं. त्यात कातडीखालची चरबी ओढून काढतात, त्याने डायबेटिस सुधारत नाही. बॅरिअ‍ॅट्रिकमध्ये चरबीला हातच लावत नाहीत, पचनाचा रस्ताच बदलतात. आणि तो बदल जन्मभराचा असतो.

ऑपरेशनमध्ये होतं काय

दोन मुख्य प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात, उरतं ते केळ्यासारखं नळकांडं. काढलेला भाग परत लावता येत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरची छोटी पिशवी करतात, म्हणजे दोन टेबलस्पून, आणि लहान आतडं तिला थेट जोडतात. अन्न उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं.

लोकांना वाटतं, पोट लहान झालं, माणूस कमी खातो, म्हणून शुगर उतरते. तेवढंच नाही. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की तिथून जीएलपी-वन नावाचं हार्मोन जोरात सुटतं आणि ते इन्सुलिनला मदत करतं. म्हणून अनेकांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते. हल्ली गाजणारी ती आठवड्याची इंजेक्शनं याच हार्मोनची नक्कल करतात.

कमी बीएमआयवर हे चालतं का, याचं एक सुरुवातीचं काम पुण्यातच झालं. डॉ. शशांक शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डॉ. डेव्हिड कमिंग्ज यांच्यासोबत २०१० मध्ये एक अभ्यास छापला. पंधरा भारतीय पेशंट, सगळ्यांना टाइप टू, बीएमआय २२ ते ३५. बहुतेक जण इन्सुलिनवर. बायपासनंतर तीन महिन्यांत पंधराच्या पंधरा जणांची डायबेटिसची औषधं सुटली. सरासरी एचबीएवनसी १०.१ वरून ६.१ वर आला.

हे वाचून मी उडालेच. पण मग शांतपणे पुन्हा वाचलं. पंधरा जण. नऊ महिन्यांचा हिशोब. मला तर पुढची तीस वर्षं जगायचंय.

म्हणून मोठा आणि लांबचा अभ्यास बघितला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा, नाव ‘स्टॅम्पीड’, बीएमआय २७ ते ४३, दीडशे पेशंट. पाच वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा खाली कितीजणांचा? फक्त औषधांवर असलेल्यांत ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३, बायपासमध्ये २९. आता हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. औषधांपेक्षा जवळपास सहापट बरा. आणि तरीही शंभरातले एकाहत्तर जण त्या रेषेखाली नव्हते. ‘डायबेटिस मुळापासून बरा’ असं हायवेवरच्या होर्डिंगवर दिसलं, तर हे एकाहत्तर आठवा.

बाकीचे रस्ते

ऑपरेशनच्या आधी बाकीचे रस्ते चालून बघितले का, हा पहिला प्रश्न कुठलाही बरा डॉक्टर विचारतो.

आहार. महाराष्ट्रात राहून ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद कुणाच्या घरी झाला नाही? पण यातला मजबूत पुरावा ब्रिटनमधून येतो. ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरीवर ठेवलं, सगळं देखरेखीखाली. वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांचा डायबेटिस औषधांशिवाय ताब्यात होता. दोन वर्षांनी ३६ टक्के. त्याच गटातले प्रोफेसर रॉय टेलर यांनी नंतर बीएमआय २७ च्या खालच्या वीस जणांवर हेच केलं, त्यातल्या चौदा जणांना जमलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येकाची चरबी पेलायची एक वैयक्तिक मर्यादा असते. ती ओलांडली की साखर वाढते, मग तुम्ही दिसायला कितीही बारीक असा.

म्हणजे कमी बीएमआयवाल्यांनी आधी हा रस्ता धरावाच, आणि डायबेटिस नवा असेल तर लवकर धरावा. मी धरला होता. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ८४ किलोवरून ७६ वर आले, एचबीएवनसी ७.१ झाला. वडाळे तलावाला रोज चकरा. मग भूक परत आली, आणि ती साधी भूक नसते. वजन उतरल्यावर शरीर भुकेची हार्मोन्स वाढवतं, ते वजन परत मागतं. दीड वर्षात ७९ आणि ८.८.

इंजेक्शन. माउंजारो २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं, वेगोव्ही जूनमध्ये. माउंजारो आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका वायलची किंमत ४,३७५ रुपये होती, आठवड्याला एक. बावन्न आठवडे गुणा, सव्वादोन लाखांच्या वर जातं. आता या औषधांच्या किमती उतरायला लागल्यात, तेव्हा तुमचं गणित माझ्यापेक्षा बरं निघू शकेल. औषधं चांगली आहेत, आणि अनेकांसाठी ऑपरेशनच्या आधीची योग्य पायरी तीच. पण माझी अडचण वेगळी आहे. दिवस राहण्याच्या आधी ती थांबवावी लागतात, वेगोव्ही किमान दोन महिने आधी. आणि सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलंय. म्हणजे ज्या नऊ महिन्यांत मला साखर सगळ्यात जास्त ताब्यात हवी, त्याच महिन्यांत माझं औषध बंद असणार.

ऑपरेशनलाही वाट बघावी लागते बरं का. नंतर बारा ते अठरा महिने मूल होऊ देऊ नका म्हणतात, कारण वजन वेगाने उतरत असताना बाळाला पोषण कमी पडतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरा उपाय लागतो. आणि पुढे दिवस राहिले की ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची ती टेस्ट चालत नाही, घरी बोटातून साखर मोजावी लागते. पण तेहतिसाव्या वर्षी ताब्यातल्या साखरेसह सुरुवात, हे मला जमण्यासारखं वाटतं.

कमी बीएमआयवाल्यांचे खास धोके

जिवाचा धोका सांगतेच. मोठ्या नोंदींमध्ये पहिल्या महिन्यातल्या मृत्यूचं प्रमाण हजारात एक-दोनच्या आसपास असतं. कमी आहे, शून्य नाही. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी, पुढे पित्ताचे खडे, हे सगळं होऊ शकतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात.

पण आपल्यासाठी तराजू वेगळा आहे. दीडशे किलोचा माणूस ऑपरेशनची जोखीम घेतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या पारड्यात गुडघे, श्वास, हृदय, सगळं असतं. आपल्या दुसऱ्या पारड्यात मुख्यतः शुगर आहे. ती उतरणार नसेल तर ऑपरेशनला अर्थच उरत नाही. म्हणून तीन गोष्टी तपासायलाच हव्यात.

एक, सी-पेप्टाइड. स्वादुपिंड अजून स्वतःचं इन्सुलिन बनवतंय का, हे त्यातून कळतं. भट्टीच विझली असेल तर आतड्याचा रस्ता बदलून काय होणार? डायबेटिस जितका जुना, तितकी ही शक्यता जास्त. माझा आकडा चांगला आला.

दोन, जीएडी अँटिबॉडी. तरुण, फार जाड नाही, शुगर गोळ्यांना दाद देत नाही, अशा माणसाला टाइप टू नसून हळू चालणारा टाइप वन असू शकतो. तसं असेल तर हे ऑपरेशन त्याच्यावरचा इलाज नाही. माझी टेस्ट निगेटिव्ह आली.

तीन, तुमच्याकडे गमवायला वजन किती आहे? माझं वजन पंचवीस टक्क्यांनी उतरलं तर मी ५९ किलोवर येईन, बीएमआय २३. ठीक आहे. पण २५-२६ बीएमआयच्या माणसाचं तेवढंच उतरलं तर तो एकोणिसावर येतो, आणि त्याला अशक्तपणाचे प्रश्न सुरू होतात. म्हणून रेषेच्या अगदी खालच्या टोकाला जाहिराती बघून जाऊ नका.

मग आयुष्यभराच्या गोळ्या. बी-ट्वेल्व, लोह, कॅल्शियम, डी. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व आधीच कमी असतं, आणि मेटफॉर्मिन ते आणखी कमी करतं. रोज साठेक ग्रॅम प्रोटीन त्या एवढ्याशा पिशवीतून जायला हवं. म्हणजे आधी अंडं, मासे, पनीर, डाळ, आणि जागा उरली तर भात. पुरणपोळी खाल्ली तर छातीत धडधड, घाम, चक्कर येऊ शकते, त्याला डम्पिंग म्हणतात. बायपासनंतर दारू फार लवकर चढते. साध्या पेनकिलरसुद्धा विचारूनच घ्यायच्या, अल्सर होतो. आणि ‘मी दुःखी आहे म्हणून खाते’ असं ज्यांचं असेल, त्यांनी आधी समुपदेशकाकडे जावं. पोट छोटं होतं, दुःख तेवढंच राहतं.

घरातली चर्चा

सासूबाई म्हणाल्या, ‘पोट कापून घेण्यापेक्षा चार महिने भात सोड ना.’ त्यांना मी चिडून उत्तर दिलं नाही. त्यांच्या पिढीने डॉक्टरकडे माणूस शेवटी जाताना बघितलंय. बाबा म्हणाले, ‘आपल्याकडे सगळ्यांनाच शुगर आहे, कुणी पोट कापलंय का?’ मी म्हटलं, ‘बाबा, सगळ्यांना शुगर आहे म्हणूनच.’ नवरा आकडेवाला माणूस. त्याने विचारलं, ‘सर्जनने तुझ्या बीएमआयचे किती पेशंट केलेत, आणि पाच वर्षांनी त्यातले किती अजून दाखवायला येतात?’ हा प्रश्न मी पुढच्या भेटीत तसाच्या तसा विचारला. तुम्हीही विचारा. सोबत हेही विचारा की गळती झाली आणि दुसऱ्यांदा थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर बिल कुणाचं?

सगळ्यात अवघड प्रश्न आईचा होता. डायलिसिसहून आली होती, पडल्या पडल्या म्हणाली, ‘पाच वर्षांनी शुगर परत आली तर? मग एवढं करून काय मिळालं?’

मी तिला खरं तेच सांगितलं. येऊ शकते. पण ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा फार मोठा अभ्यास झाला. त्यात निदानानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्यांची साखर नीट ताब्यात होती, त्यांना त्याचा फायदा पुढे दहा वर्षांनीही दिसला, नंतर दोन्ही गटांची साखर सारखी झाली तरी. डोळे, किडनी, यांना ती चांगली वर्षं लक्षात राहतात. तो अभ्यास औषधांचा होता, ऑपरेशनचा नव्हता, हेही तिला सांगितलं. म्हटलं, ‘आई, मला पाच चांगली वर्षं मिळाली तरी ती माझ्या किडनीच्या खात्यात जमा होतील.’ ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझ्या वेळी हे असतं तर मी विचारलं तरी असतं.’ ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

माझा निर्णय

मी ऑपरेशन करतेय. बायपास. स्लीव्ह सोपं आहे, पण मला अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास आहे, एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज दिसली, आणि स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो. शिवाय मला हवीय ती साखर, किलो नव्हे. हे रेकॉर्ड करतेय तेव्हा बारा दिवस राहिलेत.

निकाल माहीत नसताना हा एपिसोड मुद्दाम करतेय. ऑपरेशननंतरचे ‘आधी आणि नंतर’चे व्हिडिओ तुम्हाला शेकड्याने मिळतील. ज्यांचं बिनसलं ते व्हिडिओ टाकत नाहीत. म्हणून आज, काही झालेलं नसताना, माझी मोजपट्टी सांगून ठेवते. दोन वर्षांनी वजन ६५ च्या पुढे असलं तरी चालेल. पण एचबीएवनसी साडेसहाच्या खाली आणि किडनीचे रिपोर्ट आज आहेत तसे, हे मला हवंय. साखर आठच्या वर राहिली तर मी त्याला अपयश म्हणेन, मग मी कितीही बारीक दिसू दे. आणि तेही इथेच येऊन सांगेन.

तुमचं उत्तर माझ्यासारखं असायला हवं असं नाही. डायबेटिस एक-दोन वर्षांचाच असेल तर आधी आहाराचा देखरेखीखालचा प्रयत्न पूर्ण करा. इंजेक्शन परवडत असेल, मुलाचा विचार लगेच नसेल, तर ते डॉक्टरांशी बोलून बघा. शुगर-बीपी काहीच नसेल तर या दुकानात शिरूच नका. आणि एकाच डॉक्टरचं ऐकून ठरवू नका. ज्यांना ऑपरेशनमधून पैसे मिळत नाहीत, अशा डायबेटिसच्या डॉक्टरचं दुसरं मत घ्या. मी घेतलं.

पुढचे दोन आठवडे एपिसोड नाही. त्यानंतर आवाज जरा बारीक येईल, कारण सुरुवातीला फक्त पातळ पदार्थांवर राहायचंय. या काळात तुमचे प्रश्न लिहून ठेवा, आणि त्यासोबत तुमचा कमरेचा घेर आणि शेवटचा एचबीएवनसी लिहा. निम्म्या लोकांना हे दोन आकडे सांगता येत नाहीत असं मेसेजमध्ये दिसतं. आधी ते माहीत करून घ्या, मग बोलू.

काळजी घ्या. भेटूया.